दोन कडू वेलींचा भादवा

भादव्यातल्या दुपारी बीडच्या मंडईत शिरलं की आधी वास येतो, मग वाळूक दिसतं. पिकल्या वाळकाचा वास धड गोड नसतो, धड आंबट नसतो. उन्हानं तापलेल्या ओल्या रानातून चालताना अंगाशी जी वाफ येते, तिच्यात तो कुठंतरी मिसळलेला असतो. पोत्यावर ढीग मांडलेला, हिरव्यावर पिवळे पट्टे, एखादं भेगाळून आतला पांढुरका गर दाखवणारं. यंदाही तो ढीग दिसला. मी एक उचललं, देठाकडचं टोक नखानं खरवडलं आणि जिभेला लावलं. कडू नव्हतं. तरी मी ते हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. विकणारी बाई शेवटी म्हणाली, "घ्यायचं का न्हाई, ताई? उन्हात कशापायी उभ्या राह्यल्या?"

काही ऋतू येतात आणि जातात. एखादा मात्र आपल्याजवळ राहून जातो, आणि मग पुढचे सगळे ऋतू त्याच्याच आडून दिसतात. माझ्याजवळ एक भादवा असा राहिला आहे.

तेव्हा मी बीडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि बागवान सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. माझं घर कडा गावातलं. घरी कुणाला माझ्या विषयाचं नाव नीट सांगता येत नसे. आई शेजारणींना सांगायची, "ती वाळकाची सोयरीक शोधती." यापेक्षा सोप्या शब्दांत मलाही तो कधी सांगता आला नाही. वाळूक, काकडी, खरबूज आणि त्यांच्या रानात वाढणाऱ्या कडू बहिणी, यांच्यात कोण कुणाच्या जवळचं आणि कोण दूरचं, कुठल्या जुन्या वेलीपासून कोणत्या फांद्या फुटल्या, हे शोधायचं. एक वंशवृक्ष काढायचा. त्यात नावं वेलींची आणि साक्ष त्यांच्या पानांतल्या डीएनएची.

बागवान सर फळं विकणाऱ्या घरातले. त्यांच्या वडिलांची गाडी मंडईच्या तोंडाशी लागायची आणि सर शाळा सुटल्यावर तिथंच अभ्यास करायचे. प्राध्यापक होऊन केस पांढरे झाले तरी फळ हातात घेण्याची त्यांची रीत गाडीवरचीच राहिली. अंगठ्यानं हलकेच दाबायचं, कानाजवळ नेऊन टिचकी मारायची, मग डोळे मिटून वास घ्यायचा. सूक्ष्मदर्शक त्यानंतर. "आधी त्याला भेटू दे, बेटा," म्हणायचे. "मग कापू."

विभागाच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटं होती. दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास अंगावर यायचा. आत जाड कागदांवर दाबून वाळवलेल्या वनस्पती, प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सरांचं बारीक, किंचित डावीकडं कललेलं अक्षर: नाव, गाव, तारीख, कुणी गोळा केलं, आणि खाली 'टिपा'. तिथं फुलाचा ताजा रंग, जमीन कशी होती, आसपास काय उगवलं होतं असं लिहायचं, कारण कागदावर वाळल्यावर पिवळं काय न् पांढरं काय, सगळं एकाच तपकिरी रंगाचं होतं. मी त्या खोलीत तासन् तास बसायचे. पंखा लावता येत नसे, कागद उडायचे. दुपारची शांतता, बाहेर लिंबावर कावळा, आणि माझ्या समोर कुठल्यातरी जुन्या पावसाळ्यातलं एक फूल.

सरांच्या आयुष्यात दोन वेली होत्या. एक पडीक माळावर, मुरमात पसरणारी, बोटाएवढी काटेरी फळं धरणारी. तिला आम्ही विभागात काटेवेल म्हणायचो. दुसरी म्हणजे बाजरीच्या, तुरीच्या कडेनं उगवणारं कडू शेंदाड, गुळगुळीत, लिंबाएवढं. दोन्ही पावसाबरोबर उगवतात आणि दिवाळीच्या आत वाळून जातात. सर तरुण असताना त्यांनी या दोघींच्या फुलांचा, परागांचा, पानांवरच्या लवेचा अभ्यास केला आणि मांडलं, की या सख्ख्या बहिणी आहेत. वाळूक आणि खरबूज यांचं कूळ वेगळं, या दोघींचं वेगळं. एका लहानशा नियतकालिकात ते छापून आलं. कुणी विरोध केला नाही, कुणी दखलही घेतली नाही. पण दरवर्षी एम.एस्सी.च्या वर्गात सर फळ्यावर तो वृक्ष काढायचे. एक खोड, दोन फांद्या, एका फांदीच्या टोकाला शेजारी शेजारी त्या दोघी. तीस वर्षांतल्या मुलांच्या वह्यांत ते चित्र होतं. माझ्याही होतं.

त्या भादव्यात सरांचं शेवटचं सत्र चालू होतं. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते.

पुण्याच्या प्रयोगशाळेकडं मी पानं पाठवली होती. तिथून अक्षरांच्या फाइली आल्या. डीएनएची चारच अक्षरं, त्यांच्या लांबच लांब ओळी, एकेका वेलीची एकेक. त्या एकाखाली एक मांडायच्या आणि संगणकाला विचारायचं, कुणाची ओळ कुणाशी जुळते. पण त्याआधी संगणकाला एक गोष्ट आपणच सांगावी लागते: ही अक्षरं काळाच्या ओघात कशी बदलत गेली असतील. सगळीकडं एकाच चालीनं, की कुठं भरभर, कुठं सावकाश? कुठला बदल सोपा, कुठला अवघड? आपण सांगू तो अंदाज धरून तो हिशोब करतो. यालाच मॉडेल म्हणतात. मी सर्वात साधं निवडलं. सगळ्या जागा सारख्या, सगळे बदल सारखे. विभागाचा संगणक जुना होता, साधं मॉडेल त्याला झेपायचं.

वृक्ष आला तेव्हा सर माझ्या खुर्चीमागं उभे होते. काटेवेल आणि शेंदाड एकाच फांदीवर, शेजारी शेजारी. मी ओळीतल्या जागा पुन्हा पुन्हा उलटसुलट निवडून हिशोब करून पाहिला. जोडी फुटेना.

सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ वाकून त्या दोन नावांकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी येताना पिशवीभर वाळकं घेऊन आले, स्वतः चिरली, वर तिखटमीठ टाकलं आणि शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना खाऊ घातली. कुणी विचारलं, "सर, कशाबद्दल?" तर म्हणायचे, "भादवा हाय म्हणून."

ते दिवस आठवले की मला एक पिवळसर उजेड आठवतो. खिडकीबाहेर तरवडाला फुलं आली होती. सर वर्गात शिकवताना मधेच थांबून हसायचे. मी प्रबंधाचं ते प्रकरण लिहायला घेतलं होतं आणि वाक्यं आपोआप उतरत होती. आपण एखाद्याला त्याचं हरवलेलं काही शोधून दिलं, असं सुख मला पहिल्यांदाच मिळत होतं. त्या सुखात मॉडेलबद्दल विचारावं असं मनात आलं नाही. किंवा आलं असेल, मी त्याला आत येऊ दिलं नाही.

मग पहिल्या वर्षाची चाचणी झाली. चार पर्यायांतला एक निवडायचा, असे प्रश्न. उत्तरपत्रिका मी तपासल्या. त्यात एक मुलगा आणि एक मुलगी अशा दोघांची पुष्कळशी चुकीची उत्तरं नेमकी सारखी निघाली. मी दोन्ही पत्रिका घेऊन सरांकडं गेले. "सर, कॉपी आहे ही. चुकासुद्धा सारख्या आहेत."

सरांनी त्या दोन्ही शेजारी ठेवल्या आणि पेन्सिलीनं वरून खाली येत गेले.

"ही दोघं एका खोलीत होती का?"

"नाही. वेगवेगळ्या."

"बरोबर उत्तरं किती हायेत ह्यांची?"

"अगदी थोडी."

"मग? कॉपी न्हाई बेटा ही." सरांनी पेन्सिल कानामागं खोवली. "ज्या पोराची दोनच उत्तरं चुकली, आणि दुसऱ्याचीबी नेमकी तीच दोन चुकली, तिथं संशय घे. ही दोघं तर सगळीकडंच चुकलेली. डोळे मिटून टिका मारल्यात. चुकीचे पर्याय तीनच असतात. इतक्या ठिकाणी चुकल्यावर काही चुका आपोआप जुळणारच की. जुळलं म्हणून एकमेकांचं पाहिलं असं होत न्हाई. त्यांना बोलव, पुन्हा शिकव."

मी "हो" म्हणाले आणि पत्रिका उचलल्या. दारापर्यंत आले आणि थांबले.

चार पर्याय. चार अक्षरं. काटेवेल आणि शेंदाड, दोघीही एका पावसात जन्मून त्याच पावसाच्या शेवटी मरणाऱ्या. दरवर्षी नवी पिढी, म्हणजे अक्षरं बदलायला दरवर्षी नवी संधी. वाळूकही एका पावसाचंच, पण माझ्या ओळींत सगळ्यात जास्त बदललेल्या त्याच दोघी होत्या. इतक्या बदललेल्या, की कुठं कुठं त्यांचे बदल योगायोगानंच जुळले असतील. आणि मी संगणकाला सांगून ठेवलं होतं, की सगळे सारख्याच चालीनं चालले आहेत. त्यामुळं त्यानं प्रत्येक जुळणी नात्याची धरली.

मी मागं वळून पाहिलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. आपण आत्ता काय बोललो, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

मी दुसरं मॉडेल लावलं. त्यात जागांना वेगवेगळी चाल होती, बदलांना वेगवेगळी शक्यता. संगणक दिवसभर घरघरायचा, मधेच वीज जायची, पुन्हा पहिल्यापासून. काही दिवसांनी उत्तर आलं: जोडी सुटली होती. पण दुसरीकडंही कुठं पक्की बसत नव्हती. काटेवेल कधी इकडं, कधी तिकडं. शेंदाड वाळकाच्या बाजूला सरकायचं आणि पुन्हा मागं यायचं. सगळ्यात वेगानं बदलणाऱ्या जागा गाळून पाहिल्या, तरी तेच. माझ्याजवळ जी अक्षरं होती, त्यांना याहून जास्त काही ठाऊक नव्हतं.

मी तो वृक्ष कुणाला दाखवला नाही. महालक्ष्म्यांसाठी कड्याला गेले. घरात ज्वारीच्या आंबिलीचा, झेंडूचा वास. आई पुरण वाटत होती. मी तिच्याजवळ बसून सांगितलं, सरांना सांगावं की नाही कळत नाही. त्यांना दोन महिने उरलेत. परीक्षकांतलं कुणी विचारणार नाही. साधं मॉडेल लावणं हा काही गुन्हा नाही, पुष्कळ लोक लावतात.

आईला यातलं निम्मं कळलं नसावं. ती म्हणाली, "तुला खोटं वाटतंय का ते?"

"खोटं नाही गं. कच्चं वाटतंय."

"मंग सांग. पण जेवल्यावर सांग. उपाशी माणसाला असलं सांगू न्हाई."

बीडला परतल्यावर मी खरंच सरांचा डबा होईपर्यंत थांबले. मग त्यांच्यापुढं दोन्ही वृक्ष ठेवले, पहिला आणि दुसरा. उत्तरपत्रिकांची गोष्ट त्यांचीच त्यांना सांगितली. सर दोन्ही कागद बराच वेळ पाहत राहिले. एकदा त्यांनी बोटानं पहिल्या वृक्षावरची ती जोडी झाकली, मग बोट काढलं.

"दुसरं मॉडेल तुझ्या अक्षरांना जास्त बसतं?"

"बसतं, सर. फार फरकानं."

"पण ते ठाम काही सांगत न्हाई."

"नाही."

"म्हणजे साक्षीदार कमी हाय," सर म्हणाले. ते उठून कपाटापाशी गेले, दार उघडलं, आत पाहिलं आणि काहीही न काढता बंद केलं. "रविवारी मोकळी हायेस का? सकाळची नेकनूरची गाडी पकडू."

रविवारी गाडीत गर्दी नव्हती. काचेबाहेर बाजरी निसवलेली, मधेच उडीद काढून झालेली काळी रानं, त्यांच्या कडेला तुरीच्या ओळी. डोंगर निळे दिसत होते. सर खिडकीशी बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जुनी वर्तमानपत्रं, कात्री आणि पानं वाळवायला ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या. बराच वेळ गेल्यावर ते बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, बाहेर बघत.

"ह्या डोंगरात एक वेल हाय. मी पाहिली होती. तुझ्याच वयाचा असेन तेव्हा. लेख लिहून तयार होता, पाठवायचा राहिला होता. सहज फिरायला म्हणून आलतो. खडकाच्या सावलीला होती. पानं काटेवेलीसारखी, फूलही तिचंच. पण फळ बघितलं तर गुळगुळीत, वाळकासारखे पट्टे. आणि खाली कंद. म्हणजे एका पावसाची न्हाई, वर्षानुवर्षं जगणारी."

"मग?"

"ती तशी असेल, तर काटेवेलीची सख्खी बहीण तीच, शेंदाड नव्हे. मला तिथंच कळलं. फळ हातात होतं माझ्या." सरांनी तळवा उघडून पाहिला. "मी ते खाली ठेवलं. मनाशी म्हटलं, एकटी वेल हाय, रोगट असंल, संकर असंल. कात्री पिशवीतच राहिली. पुन्हा ह्या बाजूला आलो न्हाई. पोरांच्या सहली घेऊन गेलो, माजलगावच्या धरणावर गेलो, कुठं कुठं गेलो. इकडं न्हाई."

गाडी एका फाट्यावर थांबली. दोन बाया चढल्या, एक माणूस उतरला. मी चुकीचं मॉडेल निवडलं होतं ते अजाणता. सरांनी साक्षीदार गाळला होता तो ओळखून. आणि तो माणूस मला आता त्याच साक्षीदाराकडं घेऊन चालला होता.

नेकनूरच्या पुढं रिक्षानं गेलो, मग पायी. डोंगराच्या पायथ्याशी शेळ्या चारणाऱ्या कौसाबाई भेटल्या. साठीच्या, हातात पाला ओढायची आकडी, पायात टायरच्या चपला. सरांनी त्यांना काटेवेलीचं पान दाखवून विचारलं, असल्या पानाची पण बिनकाट्याच्या फळाची वेल कुठं आहे का.

"हाय की," कौसाबाई म्हणाल्या. "वरल्या कपारीला. शेळ्या तोंड लावीत न्हाईत तिला. लई कडू. तुमाला काय करायची?"

"बघायचीय."

"बघायला एवढ्या लांबून आलाव?" त्या हसल्या आणि पुढं चालू लागल्या.

वाटेत शेंदाडाची वेल लागली. मी सहज म्हटलं, "मावशी, ही कुणाची सोयरी?"

"ही व्हय? शेंदाड हाय ते. वाळकाचाच बिघडलेला भाऊ." आणि शेळीला हाकत त्या वर गेल्या. सर थांबून त्या वेलीकडं क्षणभर पाहत राहिले आणि मग चढू लागले. चढणीवर त्यांना धाप लागत होती. मी पिशवी मागितली, त्यांनी दिली नाही.

ती चढण मला अजून स्वप्नात दिसते. गुडघाभर गवत, त्याची कुसळं साडीला टोचत. पायाखाली सुटे दगड. वर पांढऱ्या ढगांच्या सावल्या डोंगरावरून सरकत जायच्या, आम्ही क्षणात सावलीत, क्षणात उन्हात. शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. सगळं इतकं सावकाश चाललं होतं, की वाटलं, आपण चालत नाही, हा डोंगरच आपल्याखालून मागं मागं चालला आहे, जुन्या कुठल्यातरी भादव्याकडं.

कपारीत ती होती. काळ्या खडकाला धरून खाली उतरलेली, हाताच्या तळव्याएवढी खरबरीत पानं, चार-पाच लहान पिवळी फुलं, आणि दोन फळं. गुळगुळीत, हिरव्यावर पट्टे.

सर खडकाला हात टेकून खाली बसले. त्यांनी फळ तोडलं नाही. वेलीवरच असताना अंगठ्यानं दाबलं, वाकून वास घेतला. मग पेन्सिलीच्या टोकानं बुडाशी माती उकरली, कंदाचं डोकं दिसलं, आणि पुन्हा माती सारली.

"हीच का?" मी विचारलं.

"तीच," सर म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हीच वेल असंल. कंद जुना हाय."

कौसाबाई म्हणाल्या, "मी नांदायला आले तवापासून बघती तिला. दर पावसात येती."

कात्री सरांनी स्वतः चालवली. एक फांदी, एक फळ, फुलं. पानं मी पुड्यांत भरली. कंद जागेवरच ठेवला. उतरताना सर एकदाच बोलले. "मला वाटायचं, कुणी नांगर घालंल, कुणी उपटंल. दरसाल वाटायचं."

ती राहावी अशी त्यांची इच्छा होती की जावी अशी, ते मी विचारलं नाही.

आश्विनात पुण्याहून डोंगरातल्या वेलीची अक्षरं आली. मी दुसरंच मॉडेल ठेवलं आणि ओळींत एक ओळ वाढवली. संगणकाला दोन दिवस लागले. डोंगरातली वेल काटेवेलीशेजारी जाऊन बसली आणि हलली नाही. तिचे बदल थोडे, सावकाश झालेले, जुनं बरंच जपून ठेवलेलं. तिच्यामुळं काटेवेलीनं काय काय आईकडून घेतलं आणि काय तिचं तिनं बदललं, हे वेगळं करता आलं. शेंदाड एकटं पडलं नाही. ते वाळकाकडं गेलं आणि तिथंच राहिलं, कौसाबाई म्हणाल्या होत्या तसं.

सरांनी तो वृक्ष पाहिला, मान हलवली आणि विचारलं, "साध्या मॉडेलनं काय येतं आता?"

मी तेही करून पाहिलं होतं. "साध्यानंसुद्धा हेच येतं, सर."

"बघ. साक्षीदारच कमी होता," ते म्हणाले. एवढंच.

त्यानंतरच्या त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी फळ्यावर जुना वृक्ष काढला, नेहमीसारखा. मग डस्टर घेतलं आणि एक फांदी पुसली. मुलांनी विचारलं, "सर, कोणतं लिहायचं?" सर म्हणाले, "दोन्ही लिहा. आधीचं का चुकलं, तेबी लिहा." आणि मग त्यांनी ते सांगितलं. मॉडेलचं आधी, मुलांना चाचणीची गोष्ट फार आवडली. मग बसमधली गोष्ट. त्यातलं काहीही न गाळता.

दिवाळीपर्यंतच्या दुपारी ते विभागातल्या फोनवरून जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावत बसायचे. जे कुठं ना कुठं शिकवत होते, त्यांना. "अरे, तुझ्या वहीत ते वेलींचं चित्र हाय ना, ते बदल." माजलगावच्या एकानं म्हटलं, "सर, वही कुठं राहिली आता. पण चित्र पाठ हाय, दरवर्षी शिकवतो." सर म्हणाले, "म्हणून तर फोन केला, बाबा." मी शेजारच्या टेबलाशी बसून प्रबंधाचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लिहीत होते. यावेळी वाक्यं आपोआप उतरत नव्हती. प्रबंध वर्षानं लांबला. विभागात कायमची जागा निघाली तेव्हा माझ्या हातात पदवी नव्हती, ती जागा दुसऱ्याला मिळाली. आजही मी तासिका तत्त्वावरच आहे. वाईट वाटतं, कधी कधी फार वाटतं. पण त्या भादव्यात परत गेले, तर दुसऱ्या मॉडेलचं बटण मी दाबणार नाही असं होणार नाही, हेही मला ठाऊक आहे.

सरांच्या शेवटच्या दिवशी, समारंभाआधी, आम्ही मागच्या खोलीत होतो. डोंगरातली वेल वाळली होती. तिचा हिरवा रंग गेला होता, फळाचा अर्धा काप तपकिरी झाला होता. मी तिला जाड कागदावर दोऱ्यानं टाचलं आणि सरांनी कोपऱ्यातली चिठ्ठी लिहायला घेतली. नाव, नेकनूरजवळचा डोंगर, तारीख. 'गोळा करणारे' पुढं त्यांनी माझं नाव आधी लिहिलं, मग स्वतःचं. 'टिपा' पाशी पेन थोडं थांबलं. मग त्यांनी लिहिलं, फूल पिवळं, कंद जमिनीत राखला, शेळ्या खात नाहीत. त्याखाली जागा उरली होती. तिथं, त्याच बारीक, डावीकडं कललेल्या अक्षरात: 'याच जागी तीस वर्षांपूर्वी पाहिली होती. तेव्हा घेतली नाही.'

मी म्हटलं, "सर, हे लिहायलाच हवं असं नाही."

सरांनी शाई वाळावी म्हणून चिठ्ठीवर हलकी फुंकर घातली.

"टिपा हायेत बेटा," ते म्हणाले. "वाळल्यावर कागदावरून जे कळणार न्हाई, ते इथं लिहायचं असतं."